दोन हजार ल्युमेन्सचे साडू

माझ्या साडूंनी मला जितके धक्के दिले तितके आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेले नाहीत, आणि तेही एका यंत्राच्या जोरावर. यंत्र म्हणजे त्यांचा बॅगेत मावणारा जुना प्रोजेक्टर. वजन एक किलो आठशे ग्रॅम, उजेड दोन हजार ल्युमेन्स, चित्र आठशे बाय सहाशे ठिपक्यांचं. लोक पाहुण्यांना मुलांचे मार्क सांगतात, साडू हे आकडे सांगतात. मी स्वतः आकड्यांतला माणूस. तरी "पंख्याचा आवाज फक्त पस्तीस डेसिबल, तुमचा फ्रीज जास्त ओरडतो," हे त्यांनी माझ्याच घरी चहा पिताना सांगितलं, तेव्हा मी फ्रीजकडे बघतच राहिलो.

पहिला मोठा धक्का घराचा. दुबईतच अल बर्शात मेट्रोजवळ फ्लॅट मिळत असताना त्यांनी शारजात अल नहदाला भाड्याने घर घेतलं आणि रोज सकाळी दुबईच्या ट्रॅफिकमध्ये रखडणं पत्करलं. मी कारण विचारलं. "तिथला हॉल आखूड होता हो. शंभर इंची चित्राला चार मीटर लागतात."

"लोक घर घेताना किचन बघतात," माझी मोठी मेव्हणी म्हणाली, "आमच्याकडे भिंत बघतात."

त्या भिंतीवर ना घड्याळ, ना कॅलेंडर. एकदा गणपतीत मी तिला डोकं टेकून बसलो, तर साडू हळूच म्हणाले, "जरा पुढे सरकता का? तेलाचा डाग पडतो." कार्यक्रम संपल्यावर कुणी लगेच निघायचं नाही, कारण दिवा गार होईपर्यंत पंखा फिरतो आणि तेवढ्यात कुणाचा पाय वायरीत अडकून ती निघाली तर दिवा खलास. आम्ही बूट घालून दारात शांत उभे राहतो.

त्या दिव्याचं आयुष्य तीन हजार तास. किती वापरले ते यंत्रच मोजतं, आणि तसा दिवा आता कुठेच मिळत नाही. त्यामुळे गेली दोन वर्षं प्रोजेक्टर जवळजवळ बंदच होता. "बाबा, जस्ट बाय अ टीव्ही," त्यांची मुलगी म्हणायची. साडू ऐकून घ्यायचे. एकदा लिफ्टपाशी मला म्हणाले, "ही कॉलेजला कॅनडाला जाईल ना, त्याआधी तिचे जन्मापासूनचे सगळे फोटो एकदा मोठे बघायचेत. तेवढा टिकला पाहिजे. हल्ली रंग पिवळा पडतोय."

ती जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गेलो. हॉस्पिटलमधलं गाठोडं, पडलेले दात, शाळेचा युनिफॉर्म, सगळं ओळीने भिंतीवर आलं. मधेच चित्र थरथरलं की साडू खुर्चीचा हात घट्ट धरत. दिवा टिकला. शेवटचा फोटो झाला, लॅपटॉप मिटला, भिंत नुसती निळी झाली. आता बंद करतील म्हणून मी वाट बघत राहिलो. साडू जागचे हलले नाहीत. मला वाटलं, यंत्र बिघडलं. बिघडले होते साडू.

"अहो, उगाच जळतोय तो," मेव्हणी म्हणाली.

"जळू दे."

मुलगी पुढे जमिनीवर येऊन बसली. तिची सावली भिंतीवर पडली, तिच्याहून कितीतरी मोठी. साडू मुलीकडे न बघता त्या सावलीकडे बघत बसले.