न पाहिलेला चेंडू

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला माझे बहुतेक दोष मी न सांगताच ठाऊक असतात.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत होतो आणि हौस म्हणून टेनिसच्या सामन्यांना रेषापंच म्हणून उभा राहायचो. फुकट टोपी मिळायची. एकदा जपानचा संघ दोन दिवसांच्या सांघिक लढतीसाठी आला. त्यांचे मॅनेजर मोरिता-सान – स्वतः जुने खेळाडू. अकरा वर्षं आशियाभर पात्रता फेऱ्या खेळले, मोठं काही जिंकले नाहीत. पण पंचाशी कधी वाद घातला नाही, असं स्मरणिकेत छापलं होतं. मी हसलो होतो. स्मरणिकेत काय, सगळेच संत असतात.

रेषापंचाला चेंडू दिसला नाही, तर त्याने दोन्ही हात डोळ्यांवर धरायचे. एवढंच. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

शेवटच्या गेमला प्रमुख पाहुणे आले – डोक्यावर छत्री धरलेली, मागे पुष्पगुच्छ. असल्या थाटाची मी आयुष्यभर टिंगल केली. आणि तेव्हा – मी तिकडेच बघत होतो. चेंडू पडल्याचा आवाज तेवढा आला. हात डोळ्यांवर गेले नाहीत. "आऊट!" मी ओरडलो. खुर्चीवरच्या पंचाने ते मान्य केलं.

फटका जपानच्या विशीतल्या खेळाडूचा होता; त्याच गुणावर तो सामना हरला. "यू नॉट लुकिंग!" म्हणत त्याने रॅकेट आपटली. प्रेक्षकांत बसलेला, बँकेतला आमचा कुलकर्णी खूश: "गणपतीत आरतीला तोंड उघडत नाहीस, आणि आज काय आवाज लावलास रे!"

नंतर मोरिता-सान माझ्याकडे आले. हळू आवाजात इंग्रजीत विचारलं – चेंडू दिसला होता ना? मी म्हणालो, अगदी स्पष्ट. त्यांनी त्या खेळाडूला बोलावून माझ्यापुढे वाकायला लावलं. तो वाकला – बराच वेळ. मी "इट्स ओके" म्हणालो. म्हणजे मी – मी त्याला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी निर्णायक सामन्यात मोरितांनी त्याला खेळवलं नाही. तो मांडीवर टॉवेल घेऊन बाकावर बसला होता. सांगायला अजून वेळ होता. मध्ये फक्त कोर्टाची रुंदी होती. मोरितांनी मला पाहिलं आणि लांबूनच आदराने मान लववली.

मीही लववली.