मुकादम आणि पोतेरं

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्याचा मुकादम साऱ्या जगाला नावं ठेवायचा. त्याच्या मते डॉक्टर नुसतं रक्त सांडायला शिकलेले, नर्सांना साधं गाठोडं बांधायची अक्कल नाही, आणि रोगी तर मुद्दाम चादरी घाण करणारे. हाताखालच्या बायका पाठीमागे त्याला 'कांजी' म्हणायच्या, कारण तो सदा ताठलेला. त्याची बायकोही तिथेच चादरींच्या घड्या घालायची. तिला तो कस्पटासमान लेखायचा, आणि तेही चारचौघांत.

दुसऱ्या ग्रहावरचे जीव उतरले तेव्हा जग आधी घाबरलं आणि मग हिरमुसलं. ना शस्त्रं, ना यंत्रं, ना तोंड. करडे, ओले, चादरीएवढे चपटे जीव नुसते पडून राहायचे. तज्ज्ञांनी दिवे दाखवले, गाणी वाजवली, आकडे मांडले. हे आपले ढिम्म. शेवटी सरकारने कंटाळून ते जिथे वाफ आणि ओल असेल तिथे वाटून टाकले. एक धुलाईखान्याच्या वाट्याला आला.

"हे पोतेरं इथं कशाला आणलंत?" मुकादम खेकसला. "आमच्याकडे आहे की एक." आणि त्याने बायकोकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, म्हणून तो एकटाच हसला.

मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी दोन्हीकडून टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि चालत एकमेकांजवळ यायचं. बायकोची जोडीदारीण काम सोडून गेली तेव्हा तिने दुसरी मागितली. स्वतः टोक धरणं मुकादमाच्या शानेत बसणारं नव्हतं.

"त्या पोतेऱ्याला सांग," तो म्हणाला. "शोभेल जोडी."

तिने खरंच त्याच्या अंगावर टोकं ठेवली. ते हळूहळू उभं राहिलं, आणि त्याने चादर अशी ताणून धरली की तिच्यावर एक सुरकुती उरली नाही. मग घड्या घालता घालता तिला जाणवायला लागलं की ते उगाच ओढत नाही. गरम चादरीला एक ओढ, ओल्या चादरीला दुसरी, आणि ती दमली की सैल सोडलेली तिसरीच. तीही तशीच उत्तरं देऊ लागली. दुपारभर दोघांच्या गप्पा चालायच्या आणि मुकादम शेजारून ओरडत फिरायचा. तिने त्याला काही सांगितलं नाही. त्याने विचारलं कुठे होतं?

एका नर्सने ते पाहिलं, आणि आठवड्याभरात अधिकारी तळघरात उतरले. पाहुण्यांशी बोलायला सरकारला एक मध्यस्थ हवा होता. मुकादम कडक इस्त्रीचा कोट घालून पुढे झाला. आयुष्यभर तळघरात कुजल्याचा राग त्याच्या मनात होता, आणि हीच वर जायची शेवटची संधी हे त्याला कळत होतं.

"धुलाईखाना माझा, म्हणजे पाहुणाही माझा," तो म्हणाला. "मीच शिकवलंय त्याला. बाईमाणसाचं काम आहे का हे?"

"मग बोला," अधिकारी म्हणाला.

मुकादमाने जन्मात पहिल्यांदा चादरीची टोकं धरली. पलीकडून एक जोरकस ओढ आली. तो हरखला.

"बघा! ओळखलं मला!"

अधिकारी बायकोकडे वळला. "काय म्हणालं ते?"

ती घुटमळली. "ती इस्त्रीच्या मशीनची खूण आहे."

"मशीनची?"

"वाफ सोडतं ना, फुसफुसत असतं दिवसभर. यांच्यासाठीही त्याची तीच खूण आहे. हे मशीनचाच एक भाग आहेत असं वाटतं त्याला."

बायकांत खसखस पिकली. अधिकाऱ्यानेही मान वळवून हसू लपवलं. मुकादमाचा चेहरा लालबुंद झाला.

"आणि तू गप्प बसलीस? मी माणूस आहे, एवढं तुला सांगता आलं नाही त्याला?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याने विचारलं, कशावरून? मला उत्तर देता आलं नाही."