आईंनी प्रभुभोजन घेतलं नाही

मागच्या महिन्यातला पहिला रविवार. कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्यांचा ट्रे बाकावरून सरकत सरकत माझ्या सासूबाईंपर्यंत आला... आणि त्यांनी तो तसाच माझ्या हातात दिला.

मी दचकलेच. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते... मनात कुणाबद्दल काही असेल, तर आधी ते मिटवा आणि मग या भोजनाला हात लावा, असं आमच्यात मानतात. पाळकसाहेब दर वेळी बजावतात, आम्ही दर वेळी मान खाली घालतो आणि दर वेळी पेला उचलतो. त्यामुळे कुणी न घेता ट्रे पुढे दिला, की मागच्या बाकापर्यंत कुजबुज जाते.

आणि दिला कुणी, तर आमच्या आईंनी! शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला तरी सगळ्यांच्या 'टीचर'. महिला मंडळाच्या अध्यक्ष. दर गुरुवारी सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटतात. त्यांच्या चांगुलपणाचा घरात मला कधी कधी जाचच होतो, खोटं कशाला बोलू...

हे खिचडीचं काम त्यांनी आणि सुमनबाईंनी मिळून सुरू केलेलं. सुमनबाईंचे मिस्टर लवकर गेले. शिवणकाम करून एकुलता एक मुलगा वाढवला. त्याला यंदा मारामारीच्या केसमध्ये अटक झाली, येरवड्याच्या तुरुंगात आहे, जामीन काही होत नाहीये.

मंडळाच्या सभेत सुमनबाईंनी मुलासाठी प्रार्थना करा, अशी विनंती केली. बोलताना रडू आवरत नव्हतं. आणि आमच्या आई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घरात रोज भक्ती झाली असती सुमन, तर ही वेळ आली नसती."

झालं... सुमनबाई उठून गेल्या. नंतर सभेला नाहीत, चर्चला नाहीत, खिचडीलाही नाहीत. आई एकट्याच ते भलंमोठं पातेलं सांभाळू लागल्या आणि लोक म्हणू लागले, टीचर या वयातही किती करतात! ते कौतुक ऐकलं की आईंचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, थकल्या असतील.

तर त्या रविवारी चर्चमधून निघाल्यावर म्हणाल्या, "चल, सुमनकडे जाऊ." सुमनबाईंनी आम्हाला दारातच थांबवलं. आई हात जोडून माफी मागत होत्या आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

सुमनबाई शांतपणे म्हणाल्या, "बोललात सगळ्यांसमोर ना, टीचर? मग माफी अशी दारात का?" आणि दार लावून घेतलं.

पुढच्या सभेत आई उभ्या राहिल्या. चूक कबूल केली. आयुष्यभर वर्ग हाकणारा आवाज, पण थरथरत होता. बायका लगेच सुरू... जाऊ द्या हो, तुम्ही तिच्या भल्यासाठीच बोललात! एवढी मोठी तुमची सेवा, एका वाक्याचं काय घेऊन बसलात? त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. मनात सगळ्यांच्या तेच होतं, आईंनी फक्त बोलून दाखवलं होतं.

आई म्हणाल्या, "इतक्या जणांना जेवू घातलं, म्हणून एकीचं काळीज चिरायची मुभा मिळते का?" अध्यक्षपद त्यांनी तिथेच सोडलं. कुणी फारसा आग्रहही केला नाही, ते मला फार लागलं.

सुमनबाईंच्या कानावर हे गेलं असणारच. पण त्या आल्या नाहीत. आईंचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. घरात सुतक असल्यासारखं वाटायचं.

काल सुमनबाईंची मुलाला भेटायची तारीख होती. आईंना ते शेजाऱ्यांकडून कळलं. मी हिंजवडीच्या ऑफिसात सुट्टी टाकली आणि आम्ही त्यांच्या बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिलो. सुमनबाई आल्या, आम्हाला पाहिलं, तोंड फिरवलं. बस आल्यावर त्या चढल्या आणि त्यांच्यामागोमाग आम्हीही.

आत फक्त घरच्यांना सोडतात. आई बाहेर भिंतीकडेला उन्हात उभ्या राहिल्या, मी कितीदा म्हटलं तरी सावलीत आल्या नाहीत. बऱ्याच वेळाने सुमनबाई बाहेर आल्या आणि फुटपाथच्या कडेला मटकन बसल्या. डोळे लाल. आई जाऊन शेजारी बसल्या. धीर नाही, उपदेश नाही, प्रार्थना नाही... ज्यांना कुणाच्या दुःखापुढे गप्प बसलेलं मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं, त्या नुसत्या बसून राहिल्या.

मग सुमनबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "रोज करत होते हो, टीचर... भक्ती. तो लहान असल्यापासून. एक दिवस चुकवली नाही."

आई एवढंच म्हणाल्या, "मी कधी विचारलंच नाही गं."

इतकी वर्षं एका पातेल्यात दोघींनी खिचडी ढवळली... आणि हे विचारायचं राहून गेलं!

सुमनबाईंनी माफ केलं, असं मला वाटत नाही. परतीच्या बसमध्ये त्या पुढे जाऊन एकट्याच बसल्या. आई मागे खिडकीशी, डोळ्यांना पदर लावून.

काल झोप आली नाही. देवाचं काम करायला चार माणसं आणि एक पातेलं पुरतं. देवाला आवडेल असं वागायचं मात्र घरात, बाकावर, शेजारच्या एका माणसाशी... आणि तिथेच आपली जीभ सुटते. हे मला आईंमुळे वेळेत कळलं, त्याबद्दल देवाचे आभार मानायला बसले. पण मानता येईनात... कारण या शिकवणीची किंमत आमच्या घराने नाही, सुमनबाईंनी मोजली आहे.