बोट दाखवायचं ते बघून

भुयारी गाडीचा चालक कुनिहिको होरिकावा ड्यूटीवर चढायच्या बेतात होता आणि बायकोचा, मासाएचा, फोन आला.

"अहो, बाबा घरात नाहीत! कोट इथंच लटकतोय. सपाता घालूनच गेलेत हो!"

बाहेर साप्पोरोत बर्फ कोसळत होता. पोलिसांना कळवलंय, गल्ल्या बघतेय, असं म्हणता म्हणता मासाए रडायलाच लागली.

आता शहाण्या माणसानं काय करावं? साहेबाला सांगावं, रजा टाकावी. या पठ्ठ्यानं फोन कपाटात ठेवला आणि मुकाट्यानं गाडी हातात घेतली. सांगितलं तर उतरवतील, मग त्या बर्फात शोधायचं कुठं? बाबा जाऊन जाऊन जाणार ते भुयारी गाडीकडेच. याच रबरी टायरच्या, हिरव्या पट्ट्याच्या गाड्या त्यांनी, तोयोजींनी, उभी हयात चालवल्या होत्या. हल्ली जेवल्याचं विसरत, सुनेचं नाव विसरत, फलाट मात्र विसरले नव्हते.

कुनिहिको नोकरीला लागला तेव्हा म्हाताऱ्यानं जेवतानासुद्धा त्याला सुखानं घास घेऊ दिला नव्हता. सिग्नलकडे बोट दाखवायचं, काय दिसलं ते मोठ्यानं बोलायचं, मगच पुढं. "बघितलंस का? की नुसतंच बोट नाचवलंस?" आई करवादायची, "तुमचा सिग्नल राहू दे, सूप निवतंय!"

गाडी सुटली. स्टेशन आलं की कुनिहिकोचं बोट सवयीनं उठत होतं, तोंड बोलत होतं, डोळे मात्र फलाटावर बाबांना शोधत होते. इथं नाहीत. इथंही नाहीत. कुठं पडले तर नसतील? मागं डबे माणसांनी भरलेत, हे त्याला आठवतही नव्हतं.

पुढच्या स्टेशनात दारं लागली. कुनिहिकोनं बोट उचललं. "दारं बंद, ठीक!"

"काय ठीक? डोंबल! बघितलंस तरी का?"

आवाज खिडकीबाहेरून आला. फलाटाच्या कठड्यापलीकडे तोयोजी उभे. सपाता भिजलेल्या, ओठ निळे पडलेले.

कुनिहिकोच्या जिवात जीव आला आणि लगेच उडालाही. कारण दारं दाखवणाऱ्या पडद्यावर त्यानं आता खरंच बघितलं. शेवटच्या दारात एका शाळकरी मुलीचा मफलर अडकला होता. मुलगी आत नव्हती, फलाटावर होती, आणि मफलर तिच्या गळ्यात होता.

त्यानं दारं उघडली. मुलगी मोकळी झाली.

"पुन्हा कर," तोयोजी म्हणाले.

त्यानं पुन्हा केलं. एकेक दार बघून.

"हां. आता कसं!"

धावत आलेल्या स्टेशनच्या कर्मचारी बाईला कुनिहिको घाईघाईनं म्हणाला, "माझे वडील आहेत ते. ऊब द्या, घरी कळवा. आणि मला पुढच्या स्टेशनात गाडीवरून उतरवायला सांगा, आज माझ्या हातून गाडी नको." मग खिडकीतून वाकला. "बाबा, यांच्याबरोबर जा. आत बसा."

तोयोजींनी त्याच्याकडे परक्यासारखं बघितलं.

"मी नाही हलायचा. माझ्या मुलाची गाडी यायचीय. गुणी आहे पोरगा, पण काळजीत असला की बघत नाही. म्हणून आलोय."

कुनिहिकोला हुंदका आवरेना.

"येईल हो तो," तो म्हणाला. "आता बघेल."