इंजिनाचा पोळा

आमच्या रावेरच्या घरी बैलजोडी होती तोवर पोळा म्हणजे झुलालभाऊंचा दिवस. ते आमचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचे गडी, मूळचे धुळ्याकडचे, माझ्या लग्नाच्याही आधीपासून आमच्याकडे. शिंगं रंगवावीत, बेगड चिकटवावी, घुंगरू बांधावेत तर त्यांनीच. संध्याकाळी मी बैलांना ओवाळायची, मग झुलालभाऊंना कुंकू लावून नवं धोतर द्यायची. बैलांनी पुरणपोळी खाल्ली की ते जेवायला बसायचे. त्याआधी घास घेतील तर शपथ!

मग ट्रॅक्टर आला आणि जोडी गेली. यंदा पोळ्याच्या सकाळी झुलालभाऊंनी ओट्याशी येऊन हळूच विचारलं, "अक्का, औंदा ताट काढशात ना?"

ओवाळायचं कोणाला? गोठ्यात तर आमच्या ह्यांची लाल गाडी उभी! केळीला बरा भाव आला आणि ह्या पितांबर पाटलांनी मुंबईहून जुनी स्पोर्ट्स कार उचलून आणली. दोनच माणसं बसणार, वर छप्पर नाही. अहो, घरात माणसं सात! पण हट्टाला औषध आहे का? तिसऱ्या दिवशी जळगावला हौशी लोकांच्या गाड्यांचा मेळा होता. कुठल्याशा परदेशी मासिकात ह्यांनी आरशासारखी चकचकीत इंजिनं पाहिलेली. भुसावळला कसलासा पार्ट आणायला निघताना घाईघाईत सांगून गेले, "झुलालभाऊ, बॉनेट उघडून इंजिन मस्त सजवून ठेवा."

सजवून! पोळ्याच्या दिवशी, आणि तेही झुलालभाऊंना!

माणूस एकदम तरतरीत झाला. रॉकेलनं सगळी घाण धुतली. वरचं झाकण चिंच आणि राखेनं घासून असं काढलं की मी त्यात माझी टिकली नीट केली. मग माळ्यावरचे पोळ्याचे डबे खाली आले. नळ्यांना निळा आणि केशरी रंग, पंख्याच्या पुढं घुंगरू, आणि बाजूच्या वाकड्या जाड नळीला पार टोकापर्यंत सोनेरी बेगड. मधेच मान वर करून विचारायचे, "अक्का, हाई काय शे?" मला तरी काय कळतंय? पण मीही पदर खोचून वाकून बघत बसले. केवढ्या नळ्या त्या, आणि एक कुठून निघून कुठे जाते याचा पत्ता नाही. पुरण शिजत ठेवलंय हेही विसरले मी.

दुपारी हे आले. बॉनेटमध्ये डोकावले आणि चष्मा सावरून पुन्हा डोकावले.

"हे काय?"

"सजाडं ना भाऊ. तुम्हीच सांगेल व्हतं."

"अहो, मेळ्यात लोक हसतील मला!" तणतणत त्यांनी गाडी सुरू केली. थोड्याच वेळात त्या जाड नळीवरची बेगड आकसली, करपली आणि गोठाभर धूर झाला. झुलालभाऊ बादली घेऊन धावले. "पाणी नको!" हे ओरडले आणि गाडी बंद केली. "खरवडून काढा सगळं. आत्ताच्या आत्ता."

झुलालभाऊ हललेच नाहीत. त्या नळीकडे बघत म्हणाले, "भाऊ, हाई इतलं तापस कसाले?"

ह्यांचा राग तिथेच अडकला. गाडीबद्दल कोणी विचारलं की ह्यांना राहवत नाही. आत पेट्रोल कसं जळतं, त्याचा धूर ह्याच नळीनं कसा बाहेर पडतो, बोट दाखवून सांगायला लागले. दोघांची डोकी त्या बॉनेटमध्ये. झुलालभाऊ प्रत्येक भागावर हात धरून बघत होते, कुठं गरम, कुठं कोमट. "मंग याले उघडंच ठेवू," असं म्हणून त्यांनी तेवढी नळी निवल्यावर पुसून काढली. बाकी रंगाला कोणी हात लावला नाही.

मी आत जाऊन ओवाळणीचं ताट आणि नवं धोतर घेऊन आले.

"कपाळ कुठंय ह्याचं?" मी विचारलं.

झुलालभाऊंनी गाडीच्या पुढच्या जाळीच्या वरची पट्टी दाखवली. तिथे कुंकू लावलं, ओवाळलं. मग वळून त्यांच्या कपाळाला लावलं आणि धोतर हातात दिलं. डोळे पुसायलाही त्यांच्या हातावर जागा नव्हती, रंगच रंग. ताटातली पुरणपोळी घेऊन ते सवयीनं पुढं गेले, जाळीपाशी धरली आणि तसेच उभे राहिले.

"हाई खात नही, अक्का," ते म्हणाले. "मंग मी कोना मांगे जेवू?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुढं होऊन झुलालभाऊंच्या हातातल्या पोळीचा मोठा घास तोंडानंच तोडला.

"घ्या, बैल जेवला," हे तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. "बसा आता."