छातीवरचा तांबडा ठिपका

दिव्यानी उंदीरवाडे मॅडमना काळजी करायला कारण लागत नसे. मुलचेऱ्याहून भामरागडच्या जंगलातल्या आश्रमशाळेत फिजिक्स शिकवायला आल्यापासून पोरींना ताप येईल, नदी चढेल, बारावीचा निकाल कमी लागेल, अशा सगळ्या धास्त्या त्यांनी आगाऊच घेऊन ठेवल्या होत्या. एवढ्या काळज्या वाहणाऱ्या बाईच्या ध्यानातून नेमकी एकच गोष्ट सुटली.

जानेवारीत प्रकाशाच्या दुहेरी स्वभावाचा धडा आला. प्रकाश लाटेसारखा पसरतो आणि कणाकणानं येऊन आदळतोही, हे बारावीतल्या सोमारी मडावीच्या गळी काही उतरेना.

"मॅडम, एकच वस्तू दोन्ही कशी होईन?"

"मोहाच्या झाडाखाली झाडून ठेवता ना तुम्ही? फूल एकेकच पडते. पुढचं कुठी पडन, सांगता येते? नाई. पण सडा कुठी दाट पडन, हे तुले ठाऊक असते. उजेडाचे कण तसेच पडतात. फक्त त्याइचा सडा लाटेच्या हिशोबानं पडते, पट्ट्यापट्ट्यानं."

"मंग दाखवा," सोमारी म्हणाली. पोरगी हुशार, आणि तेवढीच हट्टी.

मॅडमनी अहेरीच्या बाजारातून लेझर टॉर्च आणला. दिव्यावर काच धरून तिला काजळी चढवली आणि ब्लेडनं अगदी शेजारीशेजारी दोन बारीक चिरा पाडल्या. पण वर्ग लहान, पट्टे एकमेकांत गिचमिड होत. लांबची भिंत हवी म्हणून अंधारून येताच त्यांनी खिडकी उघडली. टॉर्च सोमारीच्या हातात, पुढं काच मॅडमच्या हातात. अंगणापलीकडच्या स्वयंपाकघराच्या पांढऱ्या भिंतीवर तांबडे-काळे पट्टे उमटले. पोरी नाचायच्याच बाकी होत्या. त्या आनंदात मॅडमनी काजळी नीट करायला काच बाजूला घेतली, सोमारीचा हात जरा बाजूला गेला, आणि उघडा किरण भिंतीच्या कडेवरून रस्त्यापलीकडच्या पोलीस चौकीवर पोचला. वाळूच्या पोत्यांमागे उभ्या असलेल्या जवानाच्या छातीवर तांबडा ठिपका थांबला.

या मुलखात असा ठिपका म्हणजे कुणीतरी नेम धरल्याची खूण.

"कोन हाय तिथी?" बंदूक खिडकीकडे वळली.

"सोमारी, बटन सोड!" पण भीतीनं पोरीचं बोट बटणावर आवळलं गेलं होतं. ठिपका हलेना. विचार करायला वेळच नव्हता. दोन्ही हात वर करून त्या सोमारीच्या पुढं खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. आता ठिपका त्यांच्या पाठीवर होता.

"गोळी नोका मारू! शाळेच्या पोरी हायेत! बारावीच्या पोरी!"

जवान धावत आले. चौकीच्या साहेबांनी मॅडमना नको नको ते सुनावलं, वर्ग धुंडाळला, काच उलटसुलट करून पाहिली आणि शेवटी वैतागून म्हणाले, "दाखवा, काय ते." खिडकी लावून सोमारीनं वर्गाच्याच भिंतीवर पट्टे पुन्हा पाडले.

पहाऱ्यावरचा तो जवान, रोशन, दाराशी उभा राहून पट्टे बघत होता. मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. मॅडमजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुमी मंधात आल्या तवा माहा ट्रिगर अर्धा दबला होता."

"मॅडम, पट्टे मोजू काय?" सोमारीनं पुढून विचारलं.

"मोज," मॅडम म्हणाल्या, आणि बाकावर बसल्या.