कॉफीच्या दुकानाचं चित्र

बारामती एमआयडीसीच्या रस्त्याकडेचं आमचं पत्र्याचं कॉफीचं दुकान पाडून तिथं काचेचं होणार, असं कळलं. निदान जुनं दुकान भिंतीवर तरी राहावं म्हणून मी जलरंगात चित्रं काढणारा एक चित्रकार गाठला. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. कुंचला जिभेवर टोकदार करायची त्याला सवय, त्यामुळं ओठ हिरवेगार, आणि त्याच ओठांनी कॉफी प्यायचा.

तो समोर मांडी घालून बसला तशी गिऱ्हाइकं उठेनात. गावच्या फ्लेक्सवर कसा प्रत्येकाला आपला फोटो लागतो, तसंच झालं. लासुर्ण्याचे तात्या टोपी सरळ करून म्हणाले, "मला म्होरं घे, मी रोज येतो." दूधवाल्यानं तर मोटारसायकलच आडवी लावली. चित्रकार कुणालाच न्हाय म्हणेना.

संध्याकाळी चित्र हातात आलं. नुसती माणसंच माणसं.

"अरे बाबा, माझं दुकान कुठं हाय?"

"मागं हाय की आजी," तो ओठ पुसत म्हणाला. "ही मंडळी उठली की दिसंल."

दुकान पाडलं त्याला आता वर्ष होईल. मी रोज चित्राकडं बघते. अजून एकही जण उठलेला नाही.